बोटभर शिक्षण

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक शिष्टसंप्रदाय आहे. चार दिवस गोडधोड खावे, पहाटे उटणे लावून न्हावे, दुपारी एखादी हलकीफुलकी कथा वाचता वाचता डुलकी काढावी, हेच या दिवसांना शोभते. परंतु मास्तराची जात मोठी खोडकर. सुट्टीतही तिला स्वस्थ बसवत नाही. तेव्हा वाचकहो, आज मी भांडणार आहे. मात्र सुरुवात फराळापासूनच करतो, म्हणजे निदान दोन पाने तरी आपण माझे ऐकून घ्याल.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या बिघडल्या. धाकट्या भावाचे नुकतेच लग्न झालेले. भावजय शिकलेली, हौशी. मोबाईलवर चकलीची फिल्म तिने पाचसहा वेळा पाहिली होती. भाजणी वाटीने मोजली, मोहन चमच्याने मोजले, तेल तापल्याची खात्री केली. पण सोऱ्यातून चकली बाहेर पडली की तिचे तुकडे! शेवटी आई ओसरीवरून उठून आत आली. तिने फिल्मकडे ढुंकूनही पाहिले नाही. परातीत हात घातला, पिठाची चिमूट दोन बोटांत चोळली आणि म्हणाली, "पाणी कमी पडलंय गं. आणखी मळ."

"आई, पण पाणी किती घालू?" भावजयीने विचारले.

आईला सांगता येईना. पन्नास वर्षे चकल्या करणाऱ्या बाईला पाण्याचे माप सांगता येत नाही! ती म्हणाली, "किती ते मला नाही ठाऊक. ये, हात घाल, म्हणजे कळंल." आणि तिने भावजयीचा हात धरून पिठात घातला. यंदा भावजयीने एकटीने चकल्या केल्या आहेत. त्या समोर ताटलीत ठेवूनच मी हा लेख लिहीत आहे, आणि त्या उत्तम झाल्या आहेत.

फिल्म खोटी नव्हती. डोळ्यांना आणि कानांना जेवढे घेता येते तेवढे सारे तिने दिले होते. जे उरले ते हातातून हातातच जाण्यासारखे होते. माझे भांडण या उरलेल्या वाट्यासाठी आहे. आपल्या शाळांतून तो नाहीसा होत चालला आहे, आणि तो नाहीसा होत असताना आपण टाळ्या वाजवीत आहो.

आमचे सोनारी हे धाराशिव जिल्ह्यातले, परंडा तालुक्यातले गाव. काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून लोक त्याला ओळखतात. चैत्रात यात्रा भरते, आणि बाराही महिने देवळाभोवती माकडांचे राज्य असते. मी या परिसरातल्या एका शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव हे विषय शिकवतो. शाळेचे नाव मुद्दामच घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते कोणत्याही शाळेला लागू पडेल. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक. चार कादंबऱ्या लिहून झाल्या तरी गावात मी अजून 'चित्राचे मास्तर'च आहे. परीक्षा जवळ आल्या की माझा तास गणिताला जातो. हाताचा तास बुद्धीच्या तासाला द्यावा, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मलाही पुष्कळ दिवस वाटत नसे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत भिंतीएवढा काचेचा पडदा आला. बोट लावले की चित्र हलते, बोट सरकवले की पान उलटते. नारळ फुटला, भाषणे झाली. एका पाहुण्यांनी सांगितले, "आता मुले करून शिकतील." हे वाक्य मी मनात जपून ठेवले. महिन्याभराने मधल्या सुट्टीत एक माकड खिडकीतून आत शिरले आणि त्याने पडद्यावर पंजा मारला. सूर्यमालेचे पान गेले आणि पचनसंस्थेचे पान आले! पोरे पोट धरधरून हसली. मीही हसलो. पण घरी जाताना मनात आले की, माकडाने जे केले तेच माझी पोरे रोज करीत आहेत, आणि यंत्राला दोघांतला फरक कळलेला नाही. ज्या कृतीत माकड आणि विद्यार्थी सारखेच उत्तीर्ण होतात, तिला 'करून शिकणे' म्हणावयाचे काय?

माणूस आणि संगणक यांची जिथे गाठ पडते त्या जागेला इंटरफेस म्हणतात. कळफलक, माऊस, काचेचा पडदा हे सारे त्यात आले. या जागेवर माणसाचा हात काय करतो, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरांचा वाटतो. पण तो मुळात शिक्षणाचा प्रश्न आहे. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ज्ञान साठवण्याचे तीन प्रकार सांगितले: करून जाणणे, चित्रातून जाणणे आणि चिन्हातून जाणणे. सायकल चालवणे हे पहिल्या प्रकारचे ज्ञान, गावाचा नकाशा हे दुसऱ्या, आणि बीजगणिताचे सूत्र हे तिसऱ्या प्रकारचे. लहानपणी पहिल्यापासून सुरुवात होते, परंतु मोठेपणी ते गळून पडत नाही. तिन्ही प्रकार जन्मभर सोबत राहतात. पुढे २००४ साली युरोपातल्या विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी एकत्र येऊन, संगणकातून हे पहिल्या प्रकारचे ज्ञान कसे पोहोचवता येईल याचा अभ्यास चालवला. आभासी वस्तू दाबली तर हाताला उलट दाब लागावा, आभासी तार छेडली तर तिचा ताण बोटाला जाणवावा, अशी यंत्रे त्यांनी अभ्यासासाठी घेतली. शस्त्रक्रिया शिकवणारी अशी यंत्रे आज जगात आहेत. शिकाऊ डॉक्टरचा हात चुकला तर ते त्याला हातातच कळते.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन आहे, असे मात्र कोणी समजू नये. पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी आठवा. फळीवर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर गिरवायचे. जुन्या पिढीचा श्रीगणेशा असाच झाला, आणि 'धुळाक्षरे' हा शब्द आपल्या भाषेत उरला तो त्याचमुळे. धुळीला बोटाचा दाब कळत होता, आणि बोटाला धुळीचा अटकाव कळत होता. माँटेसोरीबाईंनी खरकागदाची अक्षरे कापून मुलांना बोटांनी गिरवावयास दिली, तीही याच जाणिवेने. त्यांची महागडी साधने गरीब पोरांना कुठून मिळणार, म्हणून ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा शिंपले, गोटे, पाने, बिया हीच साधने केली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पोरांसाठी त्यांनी जे उभे केले, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोटे मोजणारे पोर गोट्याचे वजनही शिकत होते, थंडपणाही शिकत होते. पडद्यावरचा गोटा मोजताना ते फक्त मोजतेच.

"म्हणजे मास्तर यंत्राच्या विरुद्ध आहेत!" असे कोणी म्हणेल. मुळीच नाही. विरोध करावयाचा तर आधी यंत्राचा इतिहास पाहावा, आणि तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. डग्लस एंगलबार्टच्या मंडळींनी १९६४च्या सुमारास पहिला माऊस बनवला तो लाकडी होता. सुताराने केल्यासारखी एक पेटी, आणि तिच्या खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके. हात जसा फिरेल तशी ती चाके फिरत. सेमूर पेपर्ट या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली लहान मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली, आणि पुढे तिला जमिनीवर चालणारे एक यांत्रिक कासव जोडले. मुलाने आज्ञा द्यायची, 'पुढे जा, उजवीकडे वळ', आणि कासवाने चालत चालत कागदावर रेघ ओढायची. वर्तुळ कसे काढावे हे मुलाला कळेना, तर त्याला उत्तर सांगायचे नाही. उठून स्वतःच कासव हो आणि चाल, असे सांगायचे. थोडे पुढे, थोडे वळण, पुन्हा थोडे पुढे, पुन्हा थोडे वळण. पायांना वर्तुळ कळले की ते आज्ञेत लिहिता येते. पेपर्टने १९८०च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, लहानपणी दातेरी चाकांशी खेळता खेळता त्याला गणिताची गोडी लागली. संगणक ज्यांनी मुलांच्या हाती दिला, त्यांनी तो असा अंगासकट दिला होता. आपण तो घेताना अंग तेवढे वगळले आणि एक बोट ठेवले.

आता माझ्या शाळेतली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते, म्हणून ती सांगणे मला भाग आहे.

सातवीत एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की ही त्यांच्याबरोबर जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येई. विज्ञानाचा पेपर ती जवळजवळ कोराच देई. पडद्यावर लंबकाची फिल्म दाखवली होती; सुंदर होती, रंगीत होती, टाळ्या पडल्या. पेपरात लंबकाचा प्रश्न आला तेव्हा हिने फक्त प्रश्नच उतरवून ठेवला. शिक्षकांच्या खोलीत बोलताना मी स्वतः तिला 'मठ्ठ' म्हटले आहे. दुसऱ्या कोणाचे नाव मी येथे घेत नाही. माझे मात्र घेतो.

एके दिवशी माझा तास कसा कोण जाणे शिल्लक राहिला. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात 'फायफॉक्स' नावाचे एक फुकट ॲप तयार झाले आहे. आपल्या फोनमध्ये हेलकावा आणि फिरणे ओळखणारे बारीक संवेदक असतात. हे ॲप त्यांच्याकडून मोजमाप घेते आणि फोनची प्रयोगशाळा करते. मी माझा फोन कापडी पिशवीत घातला आणि पोरांना घेऊन आवारातल्या चिंचेखाली गेलो. खालच्या फांदीला १ मीटर दोरी बांधून पिशवी टांगली. पोरांनी हाताने झोका दिला. फोन काढून पाहिला, तर एक पूर्ण हेलकावा सुमारे २ सेकंदांचा. मग दोरी ४ मीटर करून उंच फांदीला बांधली आणि विचारले, "आता किती?"

"आठ सेकंद!" हुशार मुलांनी एका सुरात सांगितले. दोरी चौपट, तर वेळ चौपट. त्रैराशिकच ते!

ती मुलगी मागे उभी होती. हळूच म्हणाली, "न्हाई सर. इतकी हळू न्हाई व्हायची."

"कशावरून?"

"झोळी उंच फांदीला बांधली की सावकाश हालती. बारकं लवकर निजतं. पण लईच सावकाश न्हाई हालत."

तिने हात पुढे करून झोळी हलवून दाखवली. आधी आखूड झोळीचा हात, मग लांब झोळीचा. मी मनातल्या मनात मोजले. दुसरा हात पहिल्याच्या साधारण दुप्पट वेळ घेत होता. पोरांनी झोका दिला, फोन काढला. हेलकावा ४ सेकंदांचा भरला.

लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होते, हा गॅलिलिओच्या काळापासूनचा नियम आहे. उसाच्या फडाकडेला धाकट्या भावंडाला झोके देता देता या पोरीच्या हाताने तो शिकून घेतला होता. आम्ही तिला कागदावर प्रश्न विचारला, पडद्यावर प्रश्न विचारला. हाताला कधी विचारलेच नव्हते. आणि ध्यानात घ्या, तिच्या हाताचे म्हणणे खरे ठरवले ते एका यंत्रानेच! तोच फोन, तीच काच. फरक एवढाच की, त्या दिवशी पोरांनी काचेवर बोट सरकवले नाही. यंत्राला झोका दिला, आणि यंत्राने त्यांच्या झोक्याचे मोल आकड्यांत सांगितले.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही वजनदार आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप आईबापांचा. ते म्हणतात, "सर, पोराला पुन्हा माती आणि दोरीच दाखवायची तर शाळेत कशाला पाठवू? हाताची कामे करून आमची पिढी झिजली." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी योजना काढली होती की, प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधण्याचा हा डाव आहे, असे म्हणून लोक खवळले. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि योजना रद्द झाली. लोकांचे बरोबर होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांना अक्षर हवेच, आणि पहिल्या पंगतीला हवे. परंतु माझे म्हणणे पोरीने झोळीच हलवत बसावे असे नाही. झोळीतून तिने लंबकाच्या सूत्रापर्यंत यावे, असे आहे. हात हे तिचे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, तो तिचा दरवाजा आहे. हा दरवाजा आम्ही बाहेरून कडी लावून बंद केला आणि वर म्हणतो, पोरगी आत येत नाही!

दुसरा आक्षेप पैशांचा. "हाताला दाब देणारी ती यंत्रे लाखांची. कुठून आणायची?" आणू नका. दोरी, पिशवी आणि शिक्षकाच्या खिशातला फोन यांना किती पैसे पडले? मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात संशोधकांनी सदिश राशींसाठी एक साधन तयार केले आहे. साध्या टॅब्लेटवर विद्यार्थ्याने बोटाने बाण ओढायचा, फिरवायचा, लांब-आखूड करायचा. आणि बाणाबरोबर त्याचे आडवे-उभे घटक व त्यांची समीकरणे बदलताना पाहायची. तेथेही काचच आहे, बोटच आहे. पण ते बोट पान उलटत नाही, ते बाण वळवते, आणि जसे वळवेल तसे गणित वळते. स्वस्त-महाग हा प्रश्नच नव्हे. बोटाला काम दिले की नाही, हा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप असा की, पडद्याने आणि फिल्मने खेड्यांचे भले झाले आहे, ते मास्तरांना दिसत नाही. दिसते की! शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले. पानावर फोन धरला की धडा ऐकू येई, कविता दिसे. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलर्सपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. हे पाहून कोणाचीही मान ताठ व्हावी. माझे भांडण अशा गुरुजींशी नाही. त्यांची चिकटपट्टी उचलून त्यांची तळमळ मागे ठेवणाऱ्यांशी आहे. पडदा विकत मिळतो, म्हणून तो आधी येतो. पोराच्या हाताला आज काय काम द्यावे, हे मात्र रोज सकाळी शिक्षकाला नव्याने ठरवावे लागते, आणि त्यासाठी तास लागतो. तो तास तर आपण परीक्षेला देऊन बसलो!

तेव्हा वाचकहो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत नवे यंत्र आले आणि ते दाखवायला तुम्हाला बोलावले, तर दोनच प्रश्न विचारा. पहिला: हे यंत्र माझ्या मुलाच्या हाताला काय करावयास लावते? दुसरा: मुलगा चुकला, तर ते त्याच्या हाताला कळते काय? दोन्हींची उत्तरे समाधानकारक आली, तर खुशाल नारळ फोडा, मीही पेढे वाटीन. नुसते 'बोट लावले की चित्र हलते' असे उत्तर आले, तर आमच्या सोनारीच्या माकडाची आठवण ठेवा.

आणि शाळाचालकांनाही एक विनंती: वेळापत्रकातला हाताचा तास तेवढा परीक्षेच्या नैवेद्याला ठेवू नका. यंत्र घेतलेत तर त्याच तासाला द्या, आणि ते यंत्र उचलून झाडाखाली नेण्याची शिक्षकाला मुभा द्या.

ती मुलगी यंदा आठवीत आहे. 'मठ्ठ' हा शब्द मी त्याच दिवशी गिळला. चिंचेखालच्या तासानंतर ती विज्ञानाच्या तासाला पुढे बसू लागली आहे. सहामाहीच्या पेपरात तिने लंबकाची आकृती काढली, आणि आकृतीशेजारी एक झोळीही काढली. झोळीला गुण नसतात. या भाऊबिजेनंतर टोळ्या निघतील. तिच्या आईबापांशी माझे बोलणे चालू आहे. तिला आजीजवळ गावात ठेवायला ते निम्मेशिम्मे तयार झाले आहेत. ती राहिली, तर चिंचेला दोरी अजून बांधलेलीच आहे.

बाकी काय लिहू? फराळ झाला असेल तर स्वयंपाकघरात जा. पीठ उरले असेल तर मुलाचा हात धरून परातीत घाला. मुलगीच नव्हे हो, मुलगाही! किती पाणी, ते सांगू नका. त्याच्या हाताला कळू द्या.